रेनिर डे ग्राफ

रेनिर डे ग्राफ (३० जुलै १६४१ – १७ ऑगस्ट १६७३) हे सतराव्या शतकातील डच वैद्य आणि शरीररचनाशास्त्रज्ञ होते. स्त्रीच्या अंडाशयात आढळणाऱ्या द्रवयुक्त पुटकांचे सविस्तर वर्णन करून त्यांचा गर्भधारणेशी असलेला संबंध त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडला. या पुटकांना आज त्यांच्याच नावावरून ग्राफीय पुटके म्हणतात. स्वादुपिंडाचा रस आणि पुरुषांची जननेंद्रिये या विषयांवरही त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. त्यांना अवघे ३२ वर्षांचे आयुष्य लाभले. अंडाशयातील पुटके हा रोग नसून ती निसर्गाची नित्याची रचना आहे, हे त्यांचे प्रतिपादन पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, हा आजच्या काळातील सर्वपरिचित विकार समजून घेण्यासाठीही मूलभूत ठरते.

जन्म आणि शिक्षण

ग्राफ यांचा जन्म डच प्रजासत्ताकातील स्कोनहोव्हन या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्या काळी डच प्रजासत्ताकात प्रॉटेस्टंट पंथाचे वर्चस्व होते. कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास मनाई होती आणि सार्वजनिक अधिकारपदांची दारे त्यांच्यासाठी बंद होती. या वस्तुस्थितीचा परिणाम ग्राफ यांच्या पुढील आयुष्यावर झाला.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते प्रथम उट्रेख्ट आणि नंतर लायडन येथील विद्यापीठात गेले. लायडन हे त्या वेळी युरोपातील वैद्यकशिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. तेथे फ्रान्सिस्कस सिल्व्हियस आणि योहानेस व्हॅन हॉर्न हे नामवंत अध्यापक त्यांना लाभले. केवळ प्राचीन ग्रंथांचे पठण न करता स्वतः शवविच्छेदन करावे आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवावा, असा या अध्यापकांचा आग्रह होता. यान स्वामरडॅम आणि डेन्मार्कहून आलेले निकोलस स्टेनो हे ग्राफ यांचे लायडनमधील समकालीन विद्यार्थी होते. पुढे या तिघांचीही नावे विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाली आणि स्त्रीच्या अंडाशयाच्या प्रश्नावरून ती एका कटू वादातही गुंतली.

स्वादुपिंडावरील संशोधन

विद्यार्थिदशेतच, १६६४ मध्ये, ग्राफ यांनी स्वादुपिंडाच्या रसावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत बदकाच्या पिसाची पोकळ नळी बसवून त्यांनी हा रस बाहेर जमा केला. पचनक्रियेतील एखादा स्राव अशा रीतीने थेट मिळवून त्याची परीक्षा करण्याचा हा आरंभीच्या काळातील उल्लेखनीय प्रयोग होता. हा रस आम्लधर्मी असतो, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या गुरूंच्या मताला अनुसरून काढला; तो पुढे चुकीचा ठरला. प्रयोगाची पद्धत मात्र टिकली आणि नंतरच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना मार्गदर्शक झाली.

१६६५ मध्ये फ्रान्समधील आंजे विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. पॅरिसमध्येही काही काळ त्यांचे वास्तव्य होते. त्यानंतर मायदेशी परतून त्यांनी डेल्फ्ट येथे वैद्यकीय व्यवसाय सुरू केला.

डेल्फ्ट येथील कार्य

डेल्फ्ट हे त्या काळी कलावंत, कारागीर आणि जिज्ञासू नागरिकांचे गजबजलेले नगर होते. चित्रकार योहानेस व्हर्मीर आणि सूक्ष्मदर्शकाने सूक्ष्मजीव पाहणारे आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक हे दोघेही ग्राफ यांचे नगरबंधू होत. कॅथलिक असल्यामुळे विद्यापीठातील अध्यापकपद ग्राफ यांना मिळू शकले नाही. त्यांचे पुढील सर्व संशोधन विद्यापीठाच्या आश्रयावाचून, रुग्णांवर उपचार करता करता झाले.

१६६८ मध्ये त्यांचा पुरुषांच्या जननेंद्रियांवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. वृषण ही भरीव ग्रंथी नसून अत्यंत बारीक आणि लांबलचक नलिकांचा तो गुंता आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. मृत शरीरातील वाहिन्यांमध्ये रंगीत द्रव भरून त्यांचा मार्ग शोधण्यासाठी पिचकारीचा उपयोग कसा करावा, याचेही विवेचन याच ग्रंथात आहे. हे तंत्र त्यांना पुढील कामात फार उपयोगी पडले.

तत्कालीन समजुती

ग्राफ यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्यांच्यापूर्वी प्रजननाविषयी कोणत्या कल्पना रूढ होत्या, हे पाहणे आवश्यक आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या मते अपत्याला आकार आणि चैतन्य पित्याकडून मिळते. माता केवळ द्रव्य पुरवते. वैद्य गेलन यांनी स्त्रीचेही बीज असते असे मानले, परंतु ते पुरुषाच्या बीजाहून दुबळे ठरवले. स्त्रीच्या अंडाशयांना त्या काळी स्त्रीचे वृषण असेच म्हणत. भारतीय परंपरेतही पुरुष हा बीज आणि स्त्री हे क्षेत्र, म्हणजे शेत, अशी उपमा धर्मशास्त्रात आढळते. मातेचा वाटा भूमीचा आणि पित्याचा वाटा बियाण्याचा, ही कल्पना अशा रीतीने दूरदूरच्या संस्कृतींत रुजलेली होती.

रक्ताभिसरणाचा शोध लावणारे इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६५१ मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. राजा पहिला चार्ल्स याच्या उपवनांतील हरिणींचे विच्छेदन करूनही समागमानंतर कित्येक दिवस त्यांच्या गर्भाशयात त्यांना काहीच दिसले नाही. सर्व प्राण्यांचा उगम अंड्यातून होतो असे मानणाऱ्या हार्वे यांनीही सस्तन प्राण्यांच्या अंडाशयाला मात्र या प्रक्रियेत स्थान दिले नाही.

अंडाशयातील द्रवाने भरलेले फुगवटे सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञांनी पाहिले होते. अंडवाहिनीचे वर्णन करणारे गाब्रिएले फालोपियो हे त्यांपैकी एक. परंतु या फुगवट्यांचे कार्य कोणालाच उमगले नाही. पुष्कळांनी ते पाण्याच्या गाठी, म्हणजे एक प्रकारची विकृती, म्हणून सोडून दिले.

स्त्रीजननेंद्रियांवरील ग्रंथ

१६७२ मध्ये ग्राफ यांचा स्त्रीच्या जननेंद्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाह्य अवयवांपासून गर्भाशय, अंडवाहिन्या आणि अंडाशयापर्यंत प्रत्येक अवयवाची रचना आणि कार्य त्यात सुबक आकृत्यांसह दिलेले आहे. स्त्रीदेहाचे वर्णन करताना पुरुषदेहाची अपूर्ण प्रतिकृती म्हणून त्याकडे न पाहता त्याच्या स्वतंत्र रचनेचा अभ्यास करण्याची दृष्टी या ग्रंथात जागोजागी दिसते.

अंडाशयातील फुगवट्यांविषयी त्यांनी पूर्वसूरींपेक्षा वेगळा मार्ग धरला. निरनिराळ्या जातींच्या प्राण्यांचे आणि स्त्रियांचे अंडाशय तपासल्यावर निरोगी देहातही हे फुगवटे नियमाने आढळतात, असे त्यांच्या लक्षात आले. जे सर्वत्र आणि सर्वकाळ आढळते ते विकृती असू शकत नाही. मग त्याचे काहीतरी कार्य असलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. पक्ष्यांच्या अंडाशयात अंडी तयार होतात, तशीच ती सस्तन प्राण्यांच्या अंडाशयातही होतात आणि हे फुगवटे म्हणजेच ती अंडी, असे त्यांनी मांडले. अंडवाहिनीतून अंडे गर्भाशयाकडे जाते, हेही त्यांनी सांगितले. गर्भ अंडवाहिनीतच वाढू लागल्याच्या एका घटनेचा दाखला त्यांनी यासाठी दिला. अंडे त्या मार्गाने जात नसते, तर गर्भ तेथे अडकलाच नसता.

सशांवरील प्रयोग

आपल्या तर्काला पुरावा देण्यासाठी ग्राफ यांनी सशांच्या माद्यांवर प्रयोगांची मालिका केली. समागमानंतर ठरावीक तासांनी आणि दिवसांनी एकेका मादीचे विच्छेदन करून तिच्या अंडाशयाची, अंडवाहिन्यांची आणि गर्भाशयाची स्थिती त्यांनी नोंदवली. पहिल्या काही तासांत पुटकांचा रंग बदलतो, नंतर ती फुटतात आणि त्यांच्या जागी घट्ट पिंड तयार होतात, असे त्यांना दिसले. या पिंडांना आज पीतपिंड म्हणतात. तिसऱ्या दिवशी अंडवाहिन्यांत त्यांना अत्यंत लहान, गोलाकार अंडी आढळली.

त्यानंतर त्यांनी साधी मोजदाद केली. एका बाजूच्या अंडाशयात जितके पिंड, त्याच बाजूच्या गर्भाशयशृंगात साधारण तितकेच गर्भ असत. प्रत्येक फुटलेल्या पुटकामागे एक गर्भ, हा हिशेब जुळल्यामुळे अंडाशय आणि गर्भधारणा यांचा संबंध नुसत्या तर्काचा राहिला नाही. कोणतेही विशेष उपकरण न वापरता, केवळ शिस्तबद्ध निरीक्षण आणि गणना यांच्या बळावर त्यांनी हे साधले.

एक अडचण मात्र उरली. अंडवाहिनीत सापडलेली अंडी अंडाशयातील पुटकांहून पुष्कळच लहान होती. संपूर्ण पुटक म्हणजे अंडे असेल, तर वाटेत त्याचा आकार घटतो कसा? पुटकातील काही भाग अंडाशयातच मागे राहतो, असे स्पष्टीकरण ग्राफ यांनी दिले. ते सत्याच्या अगदी जवळ होते, तरी खरे अंडे त्या पुटकाच्या आत, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतक्या सूक्ष्म रूपात असते, हे त्यांना पाहता आले नाही.

दुसरी मर्यादा प्रयोगासाठी निवडलेल्या प्राण्यामुळे आली. सशाच्या मादीत अंडमोचन समागमानंतरच होते. स्त्रीच्या देहात तसे नसते; तेथे समागमाचा संबंध नसतानाही दर मासिक चक्रात पुटक पक्व होऊन फुटते. पुटके कुमारिकांतही असतात हे ग्राफ यांनी ओळखले होते. परंतु ती फुटण्यासाठी समागम आवश्यक असतो, हा सशांवरून काढलेला निष्कर्ष त्यांनी स्त्रियांनाही लागू केला. ही चूक दुरुस्त होण्यास जवळजवळ दोन शतके लागली.

श्रेयाचा वाद

ग्रंथ प्रसिद्ध होताच श्रेयावरून वाद उद्भवला. स्टेनो यांनी १६६७ मध्येच एका लहान शार्क माशाच्या विच्छेदनाच्या वृत्तान्तात, स्त्रीचे तथाकथित वृषण हे वस्तुतः अंडाशय आहेत, असे मत नोंदवले होते. व्हॅन हॉर्न आणि स्वामरडॅम यांनीही लायडन येथे एकत्र काम करून तसाच निष्कर्ष काढला होता. व्हॅन हॉर्न यांचे एक संक्षिप्त टिपण १६६८ मध्ये छापले गेले होते. व्हॅन हॉर्न १६७० मध्ये निवर्तले. ग्राफ यांनी आपले आणि आपल्या गुरूंचे श्रेय लाटले, असा आरोप स्वामरडॅम यांनी १६७२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून केला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीकडे न्याय मागितला. ग्राफ यांनी १६७३ मध्ये आपल्या बचावाची पुस्तिका प्रसिद्ध केली.

सोसायटीने कल्पनेच्या अग्रक्रमाचा मान स्टेनो यांना दिला. हा निर्णय तारखांच्या दृष्टीने योग्यच होता. तथापि कल्पना सुचणे आणि ती सिद्ध करणे यांत अंतर असते. पुटकांचे पद्धतशीर वर्णन, प्रयोगांची मालिका आणि पिंड व गर्भ यांचा जुळवलेला हिशेब हे ग्राफ यांचे स्वतःचे कार्य होते आणि भावी पिढ्यांनी त्याच कारणासाठी त्यांचे नाव राखले.

लेव्हेनहूक यांची शिफारस

हा वाद चालू असतानाच ग्राफ यांनी विज्ञानाच्या इतिहासातील एक दूरगामी पत्र लिहिले. एप्रिल १६७३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना डेल्फ्टमधील कापडव्यापारी लेव्हेनहूक यांची ओळख करून दिली. विद्यापीठाचे शिक्षण आणि लॅटिनचे ज्ञान नसलेल्या या गृहस्थाने त्या काळी सर्वोत्कृष्ट ठरावेत असे सूक्ष्मदर्शक घडवले होते. या शिफारशीमुळे लेव्हेनहूक यांचा सोसायटीशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो पुढे सुमारे ५० वर्षे चालला.

याच लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये वीर्यातील शुक्रजंतूंची माहिती सोसायटीला कळवली. अपत्याचा उगम शुक्रजंतूत असतो, अंड्यात नव्हे, असे मत पुढे त्यांनी हिरिरीने मांडले. ज्यांना ग्राफ यांनी विद्वानांसमोर आणले, तेच त्यांच्या सिद्धान्ताचे सर्वांत प्रभावी विरोधक झाले. ते पाहण्यास ग्राफ हयात नव्हते.

वैवाहिक जीवन आणि मृत्यू

ग्राफ यांचा विवाह १६७२ मध्ये मारिया व्हॅन डाइक यांच्याशी झाला. याच वर्षी फ्रान्ससह अनेक शत्रूंनी डच प्रजासत्ताकावर स्वारी केली. डच इतिहासात हे आपत्तीचे वर्ष म्हणून ओळखले जाते. या दांपत्याला एक पुत्र झाला, परंतु तो अल्पावधीतच दगावला. १७ ऑगस्ट १६७३ रोजी ग्राफ यांचेही डेल्फ्ट येथे निधन झाले. त्यांच्या मुख्य ग्रंथाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

नंतरचे संशोधन

अठराव्या शतकातील स्विस शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फॉन हालर यांच्या लेखनातून या पुटकांना ग्राफ यांचे नाव रूढ झाले. १७९७ मध्ये विल्यम क्रुइकशँक यांनी सशांवरील प्रयोगांची पुनरावृत्ती प्रसिद्ध करून ग्राफ यांच्या निरीक्षणांना दुजोरा दिला. अखेर १८२७ मध्ये कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या अंडाशयातील पुटकाच्या आत खरे अंडे पाहिले. ग्राफ यांना न सुटलेले कोडे १५५ वर्षांनी सुटले. पुटक हे अंडे नव्हे, तर अंड्याचे घर आहे.

ग्राफीय पुटक आणि पीसीओएस

ग्राफ यांच्या शोधाचा आजच्या स्त्रियांच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. निरोगी मासिक चक्रात अनेक लहान पुटके वाढू लागतात. त्यांतील बहुधा एकच पुढे जाऊन सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे परिपक्व ग्राफीय पुटक बनते आणि फुटून अंडे बाहेर टाकते. पीसीओएसमध्ये हाच क्रम अनेकदा मध्येच थांबतो. साधारण २ ते ९ मिलिमीटरची पुष्कळ पुटके अंडाशयात साठून राहतात आणि एकही पुढे जात नाही. सोनोग्राफीत दिसणारे, गाठी म्हणून ओळखले जाणारे ठिपके वस्तुतः ही वाढ खुंटलेली पुटकेच असतात. विकाराच्या नावातील सिस्ट या शब्दामुळे अंडाशयात गाठी झाल्या, त्या कापून काढाव्या लागतील, अशी भीती अनेक मुलींना आणि त्यांच्या पालकांना वाटते. ग्राफ यांच्या काळी निरोगी पुटकांना गाठी समजले जात होते. तोच घोटाळा या नावाने वेगळ्या रूपात कायम ठेवला आहे.

अशा लक्षणांची एक जुनी नोंद इटालियन वैद्य आंतोनियो व्हॅलिस्नेरी यांच्या १७२१ मधील लेखनात सापडते. विवाहित, काहीशी स्थूल आणि अपत्यहीन अशा एका तरुण शेतकरी स्त्रीचे अंडाशय मोठे, उंचसखल आणि चकाकते पांढरे होते, असे त्यांनी लिहून ठेवले. आधुनिक वैद्यकात हे चित्र शिकागो येथील अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या अभ्यासातून मांडले. २००३ मध्ये निदानाचे निकष ठरवण्यासाठी तज्ज्ञ एकत्र आले ते रॉटरडॅम येथे, म्हणजे ग्राफ यांच्या डेल्फ्टच्या शेजारी. अनियमित किंवा न होणारे अंडमोचन, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीतील बहुपुटकी अंडाशय या तीनपैकी किमान दोन गोष्टी आढळल्यास आणि तशीच लक्षणे देणारे इतर विकार नसल्यास पीसीओएसचे निदान होते. त्यामुळे केवळ सोनोग्राफीत पुटके दिसली म्हणजे विकार आहेच, असे होत नाही.

पुटक फुटले नाही की पीतपिंड तयार होत नाही आणि त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. परिणामी पाळी लांबते किंवा अनियमित होते, गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ वाढत राहते आणि उपचाराविना राहिल्यास त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अंडेच बाहेर न पडल्यामुळे गर्भधारणेस विलंब होतो. चेहऱ्यावरील अनावश्यक केस, मुरुमे, इन्शुलिनला शरीराचा अपुरा प्रतिसाद, पुढील आयुष्यात मधुमेह आणि गरोदरपणी मधुमेह वा उच्च रक्तदाब यांचीही शक्यता वाढते. प्रजननक्षम वयातील साधारण दहा स्त्रियांमागे एकीला हा विकार असतो आणि अनेकींच्या बाबतीत त्याचे निदानच झालेले नसते.

पीसीओएस म्हणजे कायमचे वंध्यत्व नव्हे. वाढ थांबलेली पुटके नष्ट झालेली नसतात. आहार, व्यायाम आणि आवश्यक तेथे वजन घटवणे यांमुळे अनेकींचे अंडमोचन सुधारते. गर्भधारणेची इच्छा असल्यास डॉक्टर लेट्रोझोलसारखी औषधे देऊन पुटक पक्व होण्यास मदत करतात. चक्राच्या उत्तरार्धात रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून पुटक फुटले की नाही हे ठरवतात. ग्राफ यांनी सशांच्या अंडाशयातील पिंड मोजून याच प्रश्नाचे उत्तर शोधले होते.

मूल्यमापन

ग्राफ यांनी अंडे पाहिले नाही, अंडाशयाची कल्पना सर्वप्रथम मांडली नाही आणि अंडमोचनाचे कारणही त्यांना अचूक सांगता आले नाही. तरीही अपत्याच्या निर्मितीत मातेचा वाटा केवळ भूमीचा नाही, याला पहिला प्रायोगिक आधार त्यांच्या कार्यातून मिळाला. अपत्य न होण्याचा दोष शतकानुशतके स्त्रीच्या माथी मारला गेला. तिच्या देहात नेमके काय घडते, हे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली गेली. दोष देण्याऐवजी निरीक्षण करावे आणि प्रकृती व विकृती यांतील सीमा पुराव्याने ठरवावी, ही ग्राफ यांची रीत स्त्रीरोगविज्ञानाला मिळालेला त्यांचा सर्वांत मोठा वारसा आहे.